स्ट्रिंग तुझी, कात्री त्याची

प्राजू, सेगमेंटेशन फॉल्ट आला म्हणून कुणी मठ्ठ ठरत नाही. आधी डोळे पूस आणि पाणी पी. काल फोन ठेवल्यापासून तुझंच बोलणं डोक्यात घोळतंय. वाक्यातले शब्द वेगळे करायचा साधा प्रोग्रॅम होता, शेजारच्या मुलाचा चालला आणि तुझा पहिल्याच फटक्यात कोसळला. आणि मग तुझं ते पालुपद, की बार्शीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीने व्हीजेटीआयला येऊन कॉम्प्युटर घ्यायलाच नको होतं, ब्रँच बदलून मिळते का बघ. ब्रँचचं मागाहून बोलू. आधी प्रोग्रॅम का कोसळला ते सांगते, कारण माझ्या मते तुझं निम्मं रडू तिथेच अडकलंय.

तू पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. त्याच्या आणि तुझ्या प्रोग्रॅममध्ये फरक आहे तो एका चिन्हाचा. वाक्य ठेवताना त्याने नावापुढे चौकोनी कंस टाकलेत, तू नावाआधी तारा टाकलास. दिसायला सारखंच, अवतरणचिन्हांत वाक्यही तेच. पण कंस टाकले की कंपायलर तुझ्या नावाने वेगळी जागा राखतो आणि ते वाक्य तिथे उतरवून देतो. ती जागा तुझी, तिथे हवं ते खोड, हवं ते लिही. तारा टाकलास की तुला मिळतो नुसता पत्ता, आणि तो असतो प्रोग्रॅमच्या अशा भागातला, जिथे लिनक्स फक्त वाचू देतं. तू म्हणशील, ताई, मी तिथे काही लिहिलंच नाही. खरं आहे. लिहिलं ते शब्द तोडायला तू बोलावलेल्या स्ट्रटॉकने.

हीच गोष्ट शिकताना हातातून निसटते बघ. नाव ऐकून वाटतं, हे फंक्शन स्ट्रिंग वाचेल आणि शब्दांचे तुकडे काढून हातावर ठेवेल. माटुंगा स्टेशनाबाहेर गजरा घेतेस तेव्हा फुलवाली टोपलीतल्या लांब माळेतूनच हातभर मोजते आणि कापून देते, तुझ्यासाठी नवी माळ ओवत बसत नाही. स्ट्रटॉकही तुझी आहे तीच माळ कापतं. जिथे डिलिमिटर सापडेल, मग तो स्पेस असो की स्वल्पविराम, तो पुसून तिथे शून्य बाइट लिहितं. सीमध्ये शून्य बाइट म्हणजे स्ट्रिंग संपली. मग तुकड्याच्या सुरुवातीचा पत्ता तुला परत देतं. नवी मेमरी घेत नाही, काही उतरवून घेत नाही. सी घडली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्जमध्ये, डेनिस रिची यांच्या हातून, आणि तेव्हाच्या मशीनची मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जायची. तिथे जागेवरच कापणं शहाणपणाचंच होतं. १९८९ साली सीचं पहिलं प्रमाण ठरलं त्यात स्ट्रटॉक आलं, आणि आजही ते तसंच आहे.

तुला राग कंपायलरचा यायला हवा, स्वतःचा नाही. जीसीसी या चुकीवर अवाक्षर काढत नाही. सगळ्या सूचना दाखव म्हणून सांगितलंस तरी सीमध्ये ही सूचना वेगळी मागावी लागते, राइट-स्ट्रिंग्ज नावाच्या पर्यायाने. तो पर्याय आजच लावून ठेव. आणि प्रोग्रॅम कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझरही चालू ठेव, म्हणजे कोसळताना निदान कुठल्या ओळीवर कोसळला ते तरी सांगेल.

तुझ्याकडच्या त्या क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये तारा टाकूनच उदाहरण दिलंय आणि खाली आउटपुटही छापलंय, म्हणून तू जास्त गोंधळलीस ना? ते आउटपुट खोटं नाही. आपल्याकडे कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी चालायचं, डॉसवर. डॉसमध्ये मेमरीला राखणदार नव्हता, प्रोग्रॅमने कुठेही लिहावं, कुणी अडवत नसे. त्यामुळे तेच उदाहरण तिथे गुमान चालायचं आणि तुझ्या लिनक्सवर कोसळतं. जुन्या नोट्स वाचताना हे ध्यानात ठेव, कोसळलं की लगेच स्वतःला बोल लावू नकोस. बरं, लेट अस सी तुझ्या टेबलावर आहे ना? त्याचे लेखक यशवंत कानेटकर याच व्हीजेटीआयचे इंजिनियर, पुढे आयआयटी कानपूरला एमटेक केलं आणि मग नागपुरात राहून देशभरातल्या मुलांना सी शिकवली. संस्था १८८७ ची, माटुंग्याला आली १९२३ साली. तू ज्या आवारात उभी राहून 'मला सी जमणार नाही' म्हणालीस, त्या आवारात हे पुस्तक लिहिणारा माणूस शिकून गेलाय, एवढंच मनात ठेव.

आता वही काढ. लॅपटॉप मिटून ठेव, मी थट्टा करत नाहीये. पॉइंटर कागदावरच कळतात.

लोकलचं वेळापत्रक घेऊ. दादर, माटुंगा, शीव, कुर्ला ही चार स्टेशनं, आणि एका ओळीत एका गाडीच्या चार वेळा, मध्ये स्वल्पविराम. धीम्या गाडीच्या ओळीत चारही वेळा असतील. जलद गाडी दादरहून सुटली की थेट कुर्ला, माटुंगा आणि शीव ती घेत नाही. म्हणजे तिची ओळ अशी: १०.१२, मग लागोपाठ तीन स्वल्पविराम, मग १०.२१. फाइलमध्ये हे अंक इंग्रजी आहेत हं, म्हणून एका अंकाला एकच बाइट. मोज. पहिल्या वेळेचे पाच, स्वल्पविरामांचे तीन, दुसऱ्या वेळेचे पाच, आणि शेवटचा शून्य बाइट. चौदा चौकटी काढ, शून्यापासून तेरापर्यंत आकडे घाल.

पहिल्यांदा स्ट्रटॉकला बोलाव. ते शून्य क्रमांकापासून चालायला लागतं, पाचव्या चौकटीत स्वल्पविराम सापडतो. तो खोड, तिथे शून्य लिही. तुला १०.१२ मिळालं. पुढे कुठून सुरू करायचं, सहाव्या चौकटीपासून, हे ते स्वतःकडे टिपून ठेवतं. आता दुसऱ्यांदा बोलाव, यावेळी स्ट्रिंगच्या जागी नल देऊन. सहाव्या चौकटीत स्वल्पविराम. इथे स्ट्रटॉक थांबत नाही, प्राजू. तुकड्याच्या सुरुवातीला जेवढे डिलिमिटर दिसतील तेवढे ते ओलांडून जातं. सहावी ओलांडली, सातवी ओलांडली, आठव्या चौकटीपासून १०.२१ उचललं. तिसऱ्यांदा बोलावलंस की नल, म्हणजे तुकडे संपले.

चार स्टेशनांना वेळा आल्या दोन. पहिली दादरला गेली, दुसरी गेली माटुंग्याला. कुर्ल्याची वेळ माटुंग्याच्या नावावर चढली आणि कुर्ला रिकामं राहिलं. प्रोग्रॅम कोसळला नाही, लाल अक्षर आलं नाही, आउटपुट नीटनेटकं छापलं गेलं. आणि कुणीतरी माणूस दहा एकवीसच्या आशेने माटुंग्याच्या फलाटावर उभा आहे, आणि गाडी त्याच्यासमोरून धडधडत निघून जातेय.

म्हणून म्हणते, काल तुझा प्रोग्रॅम कोसळला ते चांगलं झालं. कोसळणारी चूक निदान ओरडून सांगते. ही दुसरी चूक गप्प असते, आणि मला रोजच्या कामात भीती तिचीच वाटते.

वहीतल्या चौकटी अजून एकदा बघ. सहाव्या आणि सातव्या चौकटीतले स्वल्पविराम जागेवरच आहेत, खोडला गेला तो फक्त पाचवा. आणि आता मूळ स्ट्रिंग छापलीस तर १०.१२ एवढंच दिसेल, कारण पाचव्या चौकटीत शून्य बसलाय. बाकीचं सगळं मेमरीत आहे, पण सीच्या लेखी स्ट्रिंग तिथेच संपली. डिलिमिटर म्हणून स्वल्पविराम आणि अर्धविराम असे दोन्ही दिले असतेस, तर पाचव्या जागी यांपैकी कोण होतं तेही आता कुणाला सांगता येणार नाही. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये स्ट्रटॉकचं पान उघड, तिथे 'बग्ज' या मथळ्याखाली हे सगळं कबूल केलेलं आहे. ते पान इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नकोस, सावकाश वाच, अडलेला शब्द वहीत लिही. नोट्सपेक्षा त्या एका पानाने तुला जास्त शिकवलं असतं.

मघाशी म्हटलं, पुढची जागा ते स्वतःकडे टिपून ठेवतं. ही टिपण ठेवायची जागा साऱ्या प्रोग्रॅममध्ये एकच. आता समज, आख्खी फाइल तू मेमरीत घेतलीस, बाहेरच्या लूपमध्ये ओळी तोडतेयस आणि आतल्या लूपमध्ये प्रत्येक ओळीचे स्वल्पविराम. दोन्हीकडे स्ट्रटॉक. पहिली ओळ मिळाली, आत गेलीस, आतल्या स्ट्रटॉकने बाहेरच्याचं टिपण पुसून आपलं लिहिलं. पहिली ओळ संपवून बाहेर येतेस, नल देऊन पुढची ओळ मागतेस, तर उत्तर येतं नल. शंभर गाड्यांचं वेळापत्रक आणि छापली गेली एकच गाडी. पुन्हा तेच, आवाज नाही, आरडाओरडा नाही. दोन थ्रेडनी एकदम बोलावलं तर विचारूच नकोस. यावर उपाय म्हणून १९९५ च्या पोझिक्सच्या थ्रेड-प्रमाणात स्ट्रटॉक अंडरस्कोर आर आलं. ते तुझ्याकडूनच एक पॉइंटर मागून घेतं आणि टिपण त्यात ठेवतं. बाहेरच्या लूपला एक, आतल्याला वेगळा, कुणी कुणाचं पुसत नाही. मात्र लागोपाठचे स्वल्पविराम तेही गिळतं, हे विसरू नकोस.

माझं काम तुला माहितीये, गाड्यांवर बसवायचे ट्रॅकर. जीपीएसची चिप दर सेकंदाला एक ओळ पाठवते, एनएमईए नावाच्या ठरलेल्या पद्धतीची, आणि तीही स्वल्पविरामांनीच जोडलेली असते. वेळ, अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, मग जागा सापडली की नाही याचा आकडा, मग किती उपग्रह. उपग्रह सापडले नाहीत, तर अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे येतात, लागोपाठ स्वल्पविराम, आणि पुढे सापडलं नाही म्हणून शून्य. किंग्ज सर्कलच्या पुलाखाली उभ्या असलेल्या बसचं असं होऊ शकतं. ती ओळ स्ट्रटॉकच्या हवाली केलीस की पुढचा शून्य सरकत येऊन अक्षांशाच्या जागी बसतो. अक्षांश शून्य म्हणजे विषुववृत्त. बस माटुंग्यात, उत्तर अक्षांश एकोणीसवर, आणि पडद्यावर विषुववृत्तावर. रिकामा रकानाही काहीतरी सांगत असतो, 'मला अजून माहीत नाही' असं. ते सांगणं जसंच्या तसं पुढे पोचवणं हे आपलं काम आहे, आणि नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्यांदा हेच सांगते.

मग वापरायचं काय? बीएसडीवाल्यांनी स्ट्रसेप काढलं. ते रिकामे रकाने रिकामे म्हणून देतं, आपल्या गाडीच्या ओळीतून नेमके चार तुकडे काढतं. पण कापतं तेही मूळ माळच, आणि सगळ्या कंपायलरबरोबर ते मिळत नाही. तू प्रॅक्टिकलसाठी स्वतःचंच लिही. खरंच सांगते, दहाबारा ओळींचं काम आहे. स्ट्रसीस्पॅन म्हणून फंक्शन आहे, ते नुसतं मोजतं, इथून पुढच्या स्वल्पविरामापर्यंत किती बाइट. एका पॉइंटरवरून सुरू कर, लांबी विचार, सुरुवात आणि लांबी अशी जोडी म्हणजे तुझा तुकडा. लांबी शून्य आली तर रिकामा रकाना, तोही मोजायचा. मोजणं जिथे थांबलं तिथे स्वल्पविराम नसून शून्य बाइट असेल तर काम संपलं. नाहीतर लांबी अधिक एक एवढी उडी मार. छापताना पर्सेंटपुढे टिंब आणि तारा घालून मग एस लिहायचा, म्हणजे प्रिंटएफ तेवढीच लांबी छापतो. मूळ स्ट्रिंगला बोटही लागत नाही, त्यामुळे तुझा तो तारावाला पत्ताही बिनधास्त चालेल. एक बारीकशी गोष्ट: विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतो, तो शेवटच्या रकान्याला चिकटून येतो. दोन सारखे दिसणारे शब्द सारखे निघत नसतील तर आधी तिथे बघ.

आता ते मराठी शाळेचं. प्राजू, मशीनला इंग्रजीही येत नाही गं. त्याला येतात बाइट. आणि बाइट वाचताना तुझी मराठी तुला उपयोगी पडेल अशी एक जागा आहे, ती त्या शेजारच्या मुलाला बहुधा दिसलेली नाही.

यूटीएफ-आठमध्ये आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइटचा. 'माटुंगा' लिही आणि स्ट्रलेनला लांबी विचार, एकवीस सांगेल. पण केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ही पद्धत बांधताना एक काळजी घेतली. अशा अक्षराचा एकही बाइट १२८ च्या खाली जात नाही. स्पेस आहे ३२, स्वल्पविराम ४४. त्यामुळे मराठी वाक्य स्पेसवर तोडलंस तर अक्षर कधीही फुटत नाही, सीला मराठी माहीत नसली तरी. इथवर निर्धास्त राहा.

पण गाथेतल्या अभंगाचे चरण दंडावर तोडायचे ठरवलेस तर? दंड हाही तीन बाइटचा: ई०, ए५, ए४. तो तू स्ट्रटॉकला डिलिमिटर म्हणून दिलास, की त्याला दंड दिसत नाही, तीन सुटे बाइट दिसतात, आणि तिन्हींपैकी कुठलाही सापडला की ते कापतं. आणि देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशीच होते! 'माटुंगा' चे सात तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात एक पोरका बाइट, पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. त्यातही 'त' चं बघ. त म्हणजे ई० ए४ ए४. तिन्ही बाइट डिलिमिटर. तो फुटतसुद्धा नाही, मागमूसही न ठेवता नाहीसा होतो. 'थ' चंही तेच. तुकारामांचं पहिलं अक्षरच गायब. स्ट्रसीस्पॅनलाही दंड देऊ नकोस, तेही सुटे बाइटच पाहतं. इथे हवं स्ट्रस्ट्र, ते तिन्ही बाइट ओळीने जुळले तरच थांबतं, आणि यूटीएफ-आठची घडण अशी आहे, की एका अक्षराचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड मिळून खोटा दंड कधी तयार होत नाही. मला ही घडण फार आवडते, तुला सांगते. कुणीतरी आपल्या लिपीचा विचार न करता बांधलेल्या जुन्या फंक्शनांमधून आपली लिपी सुखरूप जाईल, अशी सोय त्यात आहे.

ब्रँचबद्दल आता इतकंच म्हणते, की हे सेमिस्टर पार पडेपर्यंत तो अर्ज भरू नकोस. आईला अजून काही बोललेली नाही, बोलणारही नाही, ते तुझं तू ठरव. पण होस्टेलच्या खोलीत एकटी बसून दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढू नकोस. तुझ्या बॅचमध्ये तुझ्यासारख्या आणखी मुली असणार, ज्यांना पॉइंटर कळलेले नाहीत आणि ज्या मान डोलावतात. एकीला तरी पकड आणि तिला चौदा चौकटी काढून दाखव. समजावताना जिथे तुझी जीभ अडखळेल ती जागा पुन्हा वाच. व्हायवाला 'स्ट्रटॉक का नाही वापरलं' असं विचारलंच, तर जलद गाडीची ओळ सांग, ते उत्तर पुरेसं आहे.

शनिवारी फाइव्ह गार्डन्सला ये, मी पाचनंतर मोकळी आहे. तोवर एक कर. गाथेतला कुठलाही अभंग मराठीत टाइप करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेव, आणि स्ट्रस्ट्र वापरून एकेरी दंडावर त्याचे चरण वेगळे कर. दुहेरी दंड हे वेगळं अक्षर आहे, त्याचा शेवटचा बाइट ए४ ऐवजी ए५, तेव्हा त्याची वेगळी सोय करावी लागेल. किती चरण निघाले ते मला कळव. हाताने मोजलेल्याशी जुळले नाहीत तर फोन कर, रात्री साडेअकरापर्यंत मी जागीच असते.